ऐरावताचा मागचा ॲक्सल

श्रीपाल चौगुलेचा पेरूचा मळा हुपरीच्या पुढं, माळाच्या पार वरच्या अंगाला होता. तिकडं जायला रस्ता असा नव्हताच. आधी ओढा लागायचा, मग दगडगोट्यांची चढण, आणि चढण संपली की पुन्हा तोच ओढा, कारण तो वळसा घालून परत आडवा यायचा. टेम्पोवाले त्या वाटेचं नाव काढलं तरी हात जोडायचे. म्हणून श्रीपालनं एक जुनी, चारही चाकांना ओढ असलेली जीप घेतली, मागचं टप कापून तिथं पिकअपचा हौदा बसवला आणि समोरच्या काचेवर लाल अक्षरांत नाव घातलं, 'ऐरावत'.

"इंद्राच्या ऐरावतातनं तेल गळत न्हवतं," त्याची बायको अक्काताई म्हणायची. तिचा आवाज माळावरनं खाली गावापर्यंत पोचायचा, त्यामुळं हे सगळ्या गावाला माहीत होतं.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. पेरूचा हंगाम ऐन भरात आला होता. एका सकाळी हौदा गच्च भरून श्रीपाल चढण उतरत होता. शेजारी अक्काताई, आणि मागं पेरूंच्या क्रेटवर मळ्याचा शेजारी आकाराम बसलेला. आकाराम पूर्वी एका खडीच्या खाणीवर होता आणि तेव्हापासून यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत होती.

मागनं काड्‌कन आवाज झाला. थोड्या वेळानं गाडीच्या उजव्या बाजूनं एक चाक टणाटण उड्या मारत पुढं गेलं.

"आण्णा, त्ये चाक कुणाचं वो?" आकारामनं विचारलं.

"कुणाचं का असंना, आपल्याला काय करायचंय?" श्रीपाल म्हणाला, आणि ऐरावत मागच्या अंगानं खाली बसला.

चाक ओढ्यात उतरलं, डुंबणाऱ्या म्हशींच्या मधनं वाट काढत पलीकडं चढलं आणि कुणाच्यातरी उसात शिरलं. ते शोधायला दुपार गेली. पेरूही बरेचसे म्हशींनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून ऐरावत कोल्हापूरला उद्यमनगरात गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजात आणला. गुंडू गाडीखाली शिरला, बराच वेळ आतनं नुसतं 'अरारारा' एवढंच ऐकू आलं, मग बाहेर येऊन त्यानं फडक्याला हात पुसले.

"आतला दांडा तर मोडलायच. पर वरची नळी बी केळ्यागत वाकलीया. आख्खा एक्सल बदलाय लागतोय."

"नवा मिळंल?"

"कंपनीनं कवाच बंद केलाय. भंगारात हुडकाय पायजे. पर एक ध्यानात ठेवा आण्णा. फोरव्हील गाडी हाय. फुडचा एक्सल जेवढं फेरं घेतोय तेवढंच मागच्यानं घ्यायला पायजेत. न्हायतर फुडचं म्हणंल हळू, मागचं म्हणंल पळ, आणि मधल्यामधी गेरबॉक्स मरंल."

"आमच्या घरात तसंच हाय," अक्काताई म्हणाली.

शिरोलीकडं शालूबाईचं भंगाराचं मोठं आवार होतं. नवरा गेल्यापासून धंदा तीच बघायची. एका मोडक्या एसटीचं सीट झाडाखाली मांडून त्यावर ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली असे आणि माल वजनावर विकायची. कुठली वस्तू कशाची, हे विचारलं की वैतागायची.

"मला वजन इच्यारा. बाकीचं तुमचं तुमी बघा."

श्रीपाल, अक्काताई, आकाराम आणि गुंडू चौघं आवारात हिंडायला लागले. आकारामनं लगेच एका ट्रकच्या ॲक्सलवर पाय ठेवला. तो ॲक्सल एवढा दांडगा होता की त्यावर तिघं जण ओळीनं जेवायला बसले असते.

"ह्यो घ्या आण्णा. परत जन्मात मोडायचा न्हाय."

"ह्येला आपली गाडी कशी बसवायची?" गुंडूनं विचारलं.

"गाडीला ह्यो बसवायचा."

"न्हाय की रं बाबा. ह्येच्यावर तुझी गाडी म्हंजे हत्तीवर शेळी."

आकाराम रुसून बाजूला झाला. तेवढ्यात गुंडू आनंदानं ओरडला. पत्र्याच्या ढिगाआड त्याला अगदी ऐरावताच्याच जातीच्या जीपचा मागचा ॲक्सल दिसला होता. तीच लांबी, तेच ड्रम, नळी सरळ. तो वाकून हात घालणार तोच आतनं गुर्र आवाज आला आणि गुंडू दोन ढांगांत झाडाजवळ पोचला. ॲक्सलच्या खाली एका कुत्रीनं बस्तान मांडलं होतं आणि तिच्या पोटाशी पिल्लं लुचत होती.

"कवा व्याली ही?" अक्काताईनं विचारलं.

"परवा," शालूबाई म्हणाली. "पोत्यात घालून तिकडं ठेवते की पिल्लं. न्या तुमी."

"आजिबात हात लावायचा न्हाय. डोळं बी उघडलं न्हाईत अजून त्यास्नी. आपल्या एक्सलसाठी लेकुरवाळीला घरातनं हाकलायचं व्हय?"

"अगं, पर ह्योच बसतोय," श्रीपाल म्हणाला.

"बसंना का. ती आधी बसलीया."

श्रीपाल पुढच्या ढिगाकडं वळला. गुंडू तर आधीच वळला होता, त्याच्या पँटचा पायचा फाटला होता.

मग तिसरा ॲक्सल सापडला. कडेला एकटाच, दगडांवर ठेवलेला, हिरव्यागार रंगाचा.

"ह्यो कुठल्या गाडीचा मावशी?"

"मिल्ट्रीचा."

"कशावरनं?"

"हिरवा हाय की."

"मिल्ट्रीनंच रंगवलाय का?"

"न्हाय, मीच रंगवलाय," शालूबाईनं शेंग तोंडात टाकली.

लांबी जुळत होती. चाकांचे बोल्टही जुळत होते. आता फेरे मोजायचे होते. गुंडूनं दोन्ही ड्रमवर खडूनं खूण केली, जिथं मधला दांडा जोडतात त्या तोंडावरही एक केली. श्रीपालनं एक ड्रम धरला, आकारामनं दुसरा, आणि दोघांनी बरोबरीनं एक पुरा फेरा द्यायचा, तेवढ्यात मधलं तोंड किती फिरतं ते गुंडूनं मोजायचं, असं ठरलं.

"एक," गुंडू म्हणाला. "दोन. तीन..."

"च्या किती सांगू?" शालूबाईनं विचारलं.

"पाच," श्रीपाल म्हणाला.

"पाच," गुंडूही म्हणाला आणि डोक्यावर हात मारून घेतला. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला आकाराम जोरात फिरवायला लागला, श्रीपाल मागं पडला. तिसऱ्या खेपेला चहा आला. अखेर अक्काताईनं सगळ्यांना गप्प बसवलं आणि स्वतः मोजलं. पाच पुरे आणि वर निम्म्याला थोडं कमी.

"फुडच्याला बी एवढंच हायेत!" गुंडूनं तिथल्या तिथं नाचून घेतलं. "आण्णा, सोनं घावलं सोनं!"

किती फेरे होतात हे चौघांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. कुठल्या बाजूला होतात, हे कुणीच बघितलं नाही.

गॅरेजात ॲक्सल गाडीखाली सरकवला आणि अडचण दिसली. स्प्रिंगचे पाटे ज्यावर टेकतात त्या दोन बैठका नळीच्या वरच्या बाजूला पाहिजे होत्या, ह्याच्या खालच्या बाजूला होत्या. कापून वर जोडायच्या तर वेल्डिंग पाहिजे, आणि वीज सकाळीच गेली होती ती संध्याकाळशिवाय येत नव्हती.

"मग पालथा घाला की," आकाराम म्हणाला.

गुंडूनं त्याच्याकडं बघितलं. मग ॲक्सलकडं बघितलं. चौघांनी धरून तो उपडा केला. बैठका बरोब्बर वर आल्या. जणू ऐरावतासाठीच केल्या होत्या.

"आकाराम, तू शिकला असतास तर इंजिनेर झाला असतास," गुंडू म्हणाला, आणि आकारामचा ट्रकच्या ॲक्सलचा रुसवा एका झटक्यात गेला.

"तेल भरायचं भोक खाली आलंय," अक्काताईनं दाखवलं.

"त्येचं बघू मागनं. उताणं झोपून भरंन."

दुपारी चार वाजता काम झालं. गुंडूनं अंगारा लावावा तसं ग्रीसचं बोट ऐरावताच्या बॉनेटला लावलं, स्वतः गाडीत बसला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. ऐरावत झोकात मागं गेला. मागं चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं बाकड्यावरनं उडी मारली, बाकडं मोडलं.

"पयला टाक की रं, पयला!" टपरीवाला ओरडला.

"पयलाच हाय!" गुंडू ओरडला. त्यानं गिअर काढला, पुन्हा डोळ्यांनी बघून पहिला टाकला. ऐरावत आणखी मागं सरकला आणि उरलेलं बाकडंही गेलं. मग श्रीपाल बसला. त्यानं रिव्हर्स टाकला. गाडी शहाण्यासारखी पुढं आली.

गुंडू खाली झोपून बघून आला.

"उलटा बसीवला की फिरतोय बी उलटाच," तो बारीक आवाजात म्हणाला. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

"म्हंजे आता गाडीला मागं जायला चार गेर झालं," आकाराम म्हणाला. "आणि फुडं यायला एक. वाईट न्हाय."

फोरव्हीलचा दांडा तेवढा ओढू नका, असं गुंडू सांगत होता, तोवर आकारामनं तो ओढून बघितलाच होता. पुढची चाकं पुढं निघाली, मागची मागं, आणि ऐरावत जागच्या जागी दंड काढल्यासारखा वरखाली होऊन बंद पडला. आकारामला गाडीतनं उतरवून हौद्यात बसवण्यात आलं.

संध्याकाळी वीज आली तरी वेल्डिंगवाला आज येणार नव्हता. अक्काताईला मात्र घरी पोचायचं होतं, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. चौगुले जैन होते; त्यांच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी घास तोंडात घालत नसे. सकाळपासून तिच्या पोटात अर्धा कप चहा होता.

"रिवर्स टाकून फुडं जाऊया हळूहळू," श्रीपाल म्हणाला.

तसं ते निघाले. पण तो गिअर हळू चालायचा आणि इंजिन मात्र बोंबलायचं. सायकलवाले मागनं येऊन पुढं जात होते. उचगाव यायच्या आत बॉनेटमधनं वाफ निघायला लागली. एक म्हातारा काठी टेकत शेजारनं चालत होता. तो म्हणाला, "पावणं, ढकलू का?"

श्रीपालनं गाडी थांबवली, पाणी घातलं, सूर्याकडं बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि गाडी वळवली. आता ऐरावताचं तोंड कोल्हापूरकडं आणि पाठ हुपरीकडं. पहिला टाकला, दुसरा टाकला. गाडी मागच्या मागं छान पळायला लागली. अक्काताई हौद्यात उभी राहिली, पदर खोचून, डोळ्यांवर हात धरून. श्रीपाल आरशात बघून चालवत होता.

"डाव्या अंगाला घ्या! डाव्या!"

श्रीपालनं घेतलं.

"तुमच्या न्हवं वो, माझ्या डाव्या!"

"तुझा डावा म्हंजे माझा कंचा?"

"म्हस न्हाय तो!"

म्हैस शहाणी होती, तीच बाजूला झाली. दोनतीन गावं मागं पडेपर्यंत नवराबायकोचं बरं जमलं. अक्काताईनं डावं-उजवं सोडून दिलं आणि 'विहिरीकडं', 'देवळाकडं', 'उसाकडं' असं सांगायला सुरुवात केली. श्रीपालनं तिसरा टाकला. आकाराम क्रेटला धरून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता.

पुढच्या गावात बिरोबाची जत्रा होती. रस्त्यात ही गर्दी, पाळणे, पिपाण्या, गुलाल. एका रिकाम्या रानात पांढऱ्या फक्कीचे पट्टे मारले होते, दोन्ही बाजूंना झेंडे रोवले होते आणि कर्ण्यातनं आवाज येत होता. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागं पळवायची शर्यत चालली होती. पट्ट्याच्या आत राहून जो लवकर मागं जाईल तो पहिला.

रस्त्यावर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता उभा होता. समोरनं एक पिकअप सुसाट पाठमोरा येताना त्याला दिसला. त्यानं शिट्टी मारली आणि हात केला, "हिकडनं! हिकडनं घ्या, उशीर झालाय!"

"त्यो माणूस वाट दाखवतोय," अक्काताई ओरडली. "झेंड्याकडं घ्या!"

श्रीपालनं झेंड्याकडं घेतलं. त्याला आरशात फक्त माणसं, माणसं आणि मधे मोकळी पट्टी दिसली. शेजारच्या पट्ट्यात एक ट्रॅक्टर ट्रॉली वाकडी-तिकडी करत मागं चालला होता. ऐरावत त्याच्या अंगावरनं वाऱ्यासारखा गेला. ट्रॅक्टरवाल्यानं दचकून मान वळवली आणि त्याची ट्रॉली झेंडे उपटत उसात घुसली.

"आरं कोण हाय ह्यो! नाद खुळा!" कर्णा ओरडला. गाडी पुढं गेल्यावर काच दिसली आणि नाव वाचता आलं. "ऐरावत! ऐरावत, मंडळी! आणि वर एक ताई उभी हाय! ताईस्नी वाट द्या!"

शेवटच्या रेघेपलीकडं गर्दीच होती, म्हणून श्रीपाल थांबला. तो उतरायच्या आत त्याच्या गळ्यात हार पडला आणि तोंडाला गुलाल लागला. आकारामनं दोन हार घालून घेतले.

पंच होते पिराजीआण्णा, गावातले जुने पैलवान. त्यांनी शिट्टी फुंकून गर्दी मागं सारली, कारण उसातनं बाहेर आलेला ट्रॅक्टरवाला भांडायला आला होता.

"गेर बघा त्येचा! माझं काय म्हणणं न्हाय, फकस्त गेर बघा!"

पिराजीआण्णांनी खिडकीतनं डोकं आत घातलं. दांडा तिसऱ्यावर होता. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"गाडी मागं आली का?"

"आली," सगळे म्हणाले.

"गेर फुडचा हाय का?"

"हाय," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"मग हे काय हाय?"

"एक्सल पालथा हाय," आकारामनं पुढं होऊन सांगितलं. "आयडिया माझी."

पिराजीआण्णा विचारात पडले. त्यांनी श्रीपालला रिव्हर्स टाकून दाखवायला सांगितलं. श्रीपालनं टाकला. गाडी मागं येणार म्हणून सगळे जण सावधपणे तिच्या पुढं जाऊन उभे राहिले होते. ऐरावत पुढं निघाला. एकच पळापळ झाली. मांडवाचा एक बांबू गेला आणि वरचं कापड पंचांच्या टेबलावर पडलं. कापडाखालनंही पिराजीआण्णांचा आवाज ठाम होता.

"ह्या गाडीला रिवर्स टाकला की ती फुडं जातीया. म्हंजे हिला रिवर्सच न्हाय. बाद!"

"पर मागं तर आली न्हवं!" गर्दीतले निम्मे ओरडले.

"आली, पर रिवर्स न्हाय आली!" उरलेले ओरडले.

गाव दुभंगलं. बाह्या वर झाल्या. अक्काताईनं पश्चिमेला बघितलं. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता. ती हौद्यातनं उतरली, मांडवात शिरली आणि निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला. खरं तर तिला माईकची गरज नव्हती. पहिल्याच शब्दाला पाळण्यावरची पोरं गप्प झाली.

"आमी शर्यतीला आलेलो न्हाय! आमी घराकडं चाललोय!"

वर झालेल्या बाह्या खाली आल्या.

"मग घराकडं तोंड करून जायाचं की, बाई," पिराजीआण्णा म्हणाले.

"तसंच जात हुतो. गाडी तापली. आता मला सांगा, दिवस बुडाय आलाय. आमच्यात दिवस बुडल्यावर जेवत न्हाईत. सकाळधरनं मी उपाशी हाय. तुमाला पयला काढायचा त्यो काढा, मला वाट द्या!"

आधी कोण हसलं ते कळलं नाही. पण मग सगळी जत्राच हसायला लागली, ट्रॅक्टरवालासुद्धा. पिराजीआण्णांनी कापड डोक्यावरनं काढलं आणि सूर्याकडं एकवार बघून हुकूम सोडला. पळत पळत केळी आली, चिरमुरे आले, कुणाच्या तरी घरनं गरम दूध आलं. अक्काताई ऐरावताच्या बॉनेटवर बसून जेवली. शेकडो माणसं एकदा तिच्याकडं आणि एकदा सूर्याकडं बघत होती. शेवटचं केळं संपलं, तिनं पाणी पिऊन तोंड पुसलं, आणि सूर्य गेला. जत्रेनं टाळ्या वाजवल्या.

ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा पळू दिलं आणि पहिला नंबर त्यालाच मिळाला. अक्काताईला वाट दाखवल्याबद्दल स्टीलची एक घागर मिळाली. ऐरावताचे दिवे कोल्हापूरकडं तोंड करून होते, म्हणून गावातली पोरं मोटारसायकली घेऊन उजेड दाखवत हुपरीपर्यंत सोडायला आली. श्रीपालला तो रस्ता फार लवकर संपला असं वाटलं.

आठवडाभरात तीन गावांचे लोक जत्रेचं निमंत्रण घेऊन आले. श्रीपालला मोह झाला. तो मळ्यातही मान मागं वळवून चालायला लागला होता. पण फोरव्हील ओढता येत नव्हतं, आणि फोरव्हीलशिवाय चढण चढत नव्हती. पेरू झाडाखाली पडून सडायला लागले होते आणि वास घरापर्यंत येत होता. शेवटी एका सकाळी तो स्वतःच म्हणाला, "फिरवून घेतो सुलटा."

"मी काय म्हणाले का?" अक्काताई म्हणाली, जरी तिनं ते रोज म्हटलं होतं.

गुंडूनं वेल्डिंगवाला आणून ठेवला होता. बैठका कापल्या, वरच्या बाजूला जोडल्या, हिरवा ॲक्सल सुलटा बसवला. या खेपेला पहिला गिअर टाकताना टपरीवाल्यानं नवं बाकडं आधीच आत घेतलं. ऐरावत पुढं गेला. गुंडूला रडू फुटलं, त्यानं ते ग्रीसच्या हातानंच पुसलं.

परत येताना श्रीपालनं मुद्दाम त्याच गावावरनं गाडी घातली. वाटेत पिराजीआण्णा पारावर बसले होते. श्रीपालनं हॉर्न वाजवला, हात केला. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले.

"कोण वो?"

"मी श्रीपाल, आण्णा. ऐरावतवाला."

"न्हाय, ही ती गाडी न्हवं."

"तीच हाय की. नाव बघा काचेवर."

पिराजीआण्णांनी नाव वाचलं, तरी त्यांचं समाधान होईना. ते काठी घेऊन उठले, सावकाश चालत गाडीला वळसा घालून मागं गेले, हौद्याची फळी नीट निरखून बघितली आणि तिच्यावर हात थोपटला.

"हां," ते म्हणाले. "आता वळीकलं."